सकाळची नक्कल

मी माझ्या बायकोच्या दुखण्याची नक्कल केली, आणि ती फार चांगली वठली. हे आधीच सांगून टाकतो. पुढे लिहिताना मी स्वतःची बाजू घेऊ लागलो, तर वाचणाऱ्याच्या हे लक्षात असू दे. गणेशोत्सवात, मराठी मंडळाच्या हॉलमध्ये, भरल्या खुर्च्यांसमोर केली. बायको दुसऱ्या रांगेत बसली होती. घरी येताना मी तिला विचारलं, "कशी झाली?"

ती म्हणाली, "हुबेहूब."

मला ती शाबासकी वाटली.

भोपाळमध्ये आमची ही दुसरी पिढी. वडील नोकरीसाठी विदर्भातून इथे आले आणि मी त्यांच्याच कारखान्यात लागलो. आम्ही पिपलानीच्या क्वार्टरमध्ये राहतो. माझं काम तपासणीचं. वेल्डिंगच्या जोडकामाच्या एक्स-रे फिल्म उजेडाच्या पेटीवर लावायच्या, धातूच्या आत कुठे भेग आहे, कुठे पोकळी आहे ते बघायचं आणि माल पास करायचा किंवा परत पाठवायचा. या कामामुळे एक खोड लागली. फिल्मवर दिसलं नाही तर दोष नाही, असं मला सगळ्याच बाबतीत वाटू लागलं. दुसरी खोड रजा न घेण्याची. वर्षानुवर्षं पूर्ण हजेरीची प्रशस्तिपत्रं मिळाली होती आणि ती मी बैठकीच्या खोलीत ओळीने लावली होती.

आमच्या मंडळाची एक जुनी पद्धत आहे. गणपतीतल्या एका संध्याकाळी नवरे बायकांच्या नकला करतात आणि दुसऱ्या संध्याकाळी बायका नवऱ्यांच्या. माझी नक्कल नेहमी शेवटी ठेवत, म्हणजे लोक थांबतात. बायकोने माझी नक्कल कधीच केली नाही. "तुमची काय करायची?" ती म्हणायची. "तुम्ही दिवसभर खरे कधी असता?"

तिच्याबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या सेक्टरातल्या निम्म्या बायकांना स्कूटर तिने शिकवली. मागे बसून, खांद्यावर हात ठेवून, "ब्रेकला घाबरू नका, ब्रेक आपला मित्र आहे," असं सांगत. दर उन्हाळ्यात करोंदच्या मंडीतून वर्षाचा गहू तीच पारखून आणायची. मूठभर दाणे उचलून दोन दाताखाली धरले की व्यापारी भाव कमी करायला लागायचा.

दुखणं दिवाळीत सुरू झालं. चकलीचा सोऱ्या फिरेना. ती म्हणाली, "अहो, सकाळी बोटं उघडतच नाहीत. मुठी आवळून झोपल्यासारखी होतात."

"उन्हं आली की उघडतील."

आणि तसंच व्हायचं. नऊपर्यंत बोटं सुटायची. संध्याकाळी मी घरी येई तेव्हा ती स्कूटर काढून भाजीला निघालेली असे. म्हणजे सकाळी पोळ्या लाटता येत नाहीत आणि संध्याकाळी स्कूटर चालवता येते. तपासणी विभागातल्या माणसाला हे न पटणारं होतं. माझा डबा उशिरा व्हायला लागला. मी बुटांच्या नाड्या बांधत ओरडायचो, "राणीसरकार, दरबार भरला का?"

एकदा मी तिची परीक्षाही घेतली. लोणच्याच्या बरणीचं झाकण मुद्दाम जोर लावून बंद केलं आणि संध्याकाळी तिला उघडायला सांगितलं. ओठ आवळून, पदरात धरून तिने ते उघडलं. मी म्हणालो, "बघ." तिने बरणी माझ्यापुढे ठेवली. झाकण सोडल्यावर तिची बोटं किती वेळ सरळ होत नव्हती ते मी बघितलं होतं. हेही लिहायला हवं.

शेवटी तिला बरखेड्यातल्या एका डॉक्टरांकडे नेलं. संध्याकाळीच, कारण मला तीच वेळ सोयीची. डॉक्टर वयस्कर, शांत. त्यांनी तिला विचारलं, "सुबह उठने पर जकड़न रहती है?"

ती बोलायच्या आत मी म्हणालो, "डॉक्टर साहब, सुबह ये उठती ही कहाँ हैं."

डॉक्टर हसले. तीही थोडं हसली. परक्या माणसासमोर ती नेहमी माझी लाज राखायची. मग त्यांनी विचारलं, जकडण किती वेळ राहते. मी म्हणालो, दस-पंद्रह मिनट. खरं तर ती दोनअडीच तास राहायची. ते मला माहीत होतं. माझा डबा त्याच वेळात अडकायचा.

त्यांनी रक्ताची तपासणी लिहून दिली. संधिवाताची ती नेहमीची तपासणी निगेटिव्ह आली. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "निगेटिव आने से बात खत्म नहीं होती. किसी दिन सुबह-सुबह ले आइए, मैं हाथ देखना चाहता हूँ."

सकाळी न्यायचं म्हणजे रजा. मी नेलं नाही. रिपोर्ट मात्र फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावला. ती हात चोळू लागली की मी बोटाने तिकडे दाखवायचो. "वाच." मुलगी पुण्याला नोकरी करते. ती फोनवर म्हणाली, "बाबा, आईला प्रॉपर दाखवा ना. सीरियसली." मी म्हणालो, "बेटा, रिपोर्ट फ्रिजवर लावलाय. सगळं ओके आहे."

शेजारच्या वहिनी नागपूरच्या. तोंडाच्या फटकळ. त्या एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना म्हणाल्या, "भाऊजी, यांचे हात पाहिले का कधी? बोटांची पेरं सुजून बोरं झालीत. काहून अंगावर काढायला लावता?"

"वहिनी, तुमच्या मैत्रिणीला कामाची ॲलर्जी झाली आहे."

वहिनी हसल्या नाहीत.

गणपती आले. मंडळाने विचारलं, यंदा काय? माझ्याकडे विषय तयार होता, रोज सकाळी डोळ्यांसमोर घडणारा. नकलाकाराची नजर मला जन्मतः आहे. मी काय काय टिपलं होतं ते सांगतो. ती पलंगाच्या कडेला बसून आधी पाय हवेत धरायची, मग जमिनीवर टाचा टेकवायची, कारण चवड्यांखाली खडे असल्यासारखं तिला वाटायचं. न्हाणीघरापर्यंत बदकासारखी जायची. नळ कोपराने उघडायची. कपाचा कान न धरता दोन्ही मनगटांत कप दाबून चहा प्यायची. ब्लाऊजचं वरचं हूक लावायला भिंतीचा आधार घ्यायची. केस विंचरताना हात वर जाईना, म्हणून डोकं खाली हाताकडे न्यायची.

हे सगळं मी स्टेजवर केलं. तिचाच गाऊन शर्टावर चढवला. नळाच्या जागी माइकचा दांडा होता, तो कोपराने फिरवला, तेव्हा हॉलभर हशा पिकला. मग मी सरळ उभा राहिलो, मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि बायकी आवाजात म्हणालो, "अगं बाई, पाच वाजले? चला, भाजीला." टुणकन उडी मारून स्कूटरला किक मारली. लोक डोळे पुसत होते. मी दुसऱ्या रांगेकडे बघितलं. ती समोर बघत होती आणि तिने दोन्ही हात पदराखाली घेतले होते.

दुसऱ्या दिवसापासून बाजारात लोक तिला विचारायला लागले, "काय वहिनी, आज नळ कसा उघडला?" वाईट हेतू कुणाचाच नव्हता. त्यांना मीच तो विनोद दिला होता.

त्यानंतर एक चमत्कार झाला. ती बरी झाली. मी उठायच्या आत तिची आंघोळ झालेली असे, डबा भरलेला असे. कण्हणं नाही, चोळणं नाही. मी तिला म्हणालोसुद्धा, "बघ, एक नक्कल केली आणि दुखणं पळालं. डॉक्टरपेक्षा मी बरा."

"हो," ती म्हणाली.

ती पहाटे चारला उठत होती. गरम पाण्याच्या बादलीत मनगटापर्यंत हात बुडवून तासभर स्टुलावर बसायची, वेदनेची गोळी घ्यायची, आणि मी उठेपर्यंत बोटं हलती करून ठेवायची. हे मला त्या वेळी कळलं नाही. सहासात महिने ती हे करत राहिली आणि मी शेजारच्या खोलीत झोपून राहिलो.

पुढच्या उन्हाळ्यात नवा गहू आला आणि ती वहिनींना मागे बसवून करोंदला निघाली. मंडीच्या रस्त्यावर समोर पोत्यांनी भरलेला हातठेला आडवा आला. तिने ब्रेक दाबायला बोटं आवळली, ती आवळली गेलीच नाहीत. स्कूटर सरळ ठेल्यावर गेली. वहिनींना खरचटलं. ती उजव्या हातावर पडली. मला कारखान्यात फोन आला, तेव्हा माझं पहिलं वाक्य होतं, "लक्ष कुठे होतं तिचं?"

हाडांच्या डॉक्टरांनी हाताचा एक्स-रे काढला. फिल्म पेटीवर लावली आणि म्हणाले, "हड्डी टूटी नहीं है." मग पेन्सिल बोटांच्या मुळाशी नेली. "पर ये देखिए."

त्यांना सांगायची गरज नव्हती. अशा फिल्म बघण्यातच माझं आयुष्य गेलं. सांध्याजवळ हाडाच्या कडा खाल्ल्या गेल्या होत्या, उंदराने पोळी कुरतडावी तशा. मनगटातली छोटी हाडं एकमेकांना चिकटत आली होती. धातूत असं दिसलं असतं तर मी तो भाग एका क्षणात परत पाठवला असता. डॉक्टर म्हणाले, "यह गिरने से नहीं होता. यह बहुत पहले से चल रहा है."

जवळजवळ वर्षभर ती तोंडाने सांगत होती, ते मला पटलं नाही. फिल्मचं लगेच पटलं. माझ्याबद्दल याहून वाईट मला काही सांगता येणार नाही.

त्यांनी संधिवाताच्या तज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. बाई वयाने आमच्या मुलीपेक्षा थोड्याच मोठ्या. त्यांच्याकडून निरोप आला, सकाळी लवकर आणा आणि त्या दिवशी दुखण्याची गोळी देऊ नका. मी रजेचा अर्ज भरला. साहेब म्हणाले, "आप और छुट्टी? सब ठीक?"

बाईंनी आधी तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि बोटांच्या मुळांशी हलकेच दाबलं. ती खुर्चीतून अर्धी उठली. बाईंनी हात सोडले, "सॉरी आंटी" म्हणाल्या आणि मग एकेक प्रश्न विचारायला लागल्या. सुबह नल कैसे खोलती हैं? कप कैसे पकड़ती हैं? ज़मीन पर पैर रखते ही कैसा लगता है? बाल बना पाती हैं?

मी ते प्रश्न ऐकत होतो. ही माझीच नक्कल होती, प्रश्नांच्या रूपात.

बायको म्हणाली, "इनसे पूछिए. इन्हें सब याद है. स्टेज पर करके दिखाया है."

बाईंना वाटलं ती चेष्टा करते आहे. "मतलब?"

"वीडियो है," बायको म्हणाली. तिने पर्समधून मोबाईल काढला. मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलेला व्हिडिओ तिने जपून ठेवला होता. अंगठ्याने तो सुरू करता येईना, तेव्हा बोटाच्या मागच्या पेराने केला आणि मोबाईल टेबलावर सरकवला.

बाईंनी तो पूर्ण बघितला. खोलीत हॉलमधलं हसणं भरून राहिलं होतं. नळाचा प्रसंग आला तेव्हा त्यांनी तो थांबवला, मागे नेला, पुन्हा बघितला. कागदावर काहीतरी लिहिलं. हुकाच्या प्रसंगाला पुन्हा थांबवला. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. शेवटी तारीख बघून म्हणाल्या, "यानी पिछले सितंबर में इतना था. कंधे भी, पैर भी." मग माझ्याकडे वळल्या. "आपने बहुत ध्यान से देखा है. यह सब किसी डॉक्टर को बताया था?"

"नहीं."

"क्यों?"

मी टेबलावरचा मोबाईल उलटा ठेवला. बायको खिडकीबाहेर बघत होती.

बाईंनी समजावून सांगितलं. शरीराची राखण करणारी यंत्रणाच आपल्या सांध्यांवर उठते. काही जणांत ती रक्ताची तपासणी निगेटिव्हच राहते, म्हणून माणसाला हात लावून, विचारून, सकाळी बघून निदान करावं लागतं. औषध आहे, चांगलं आहे. एक गोळी आठवड्यातून एकदाच, रोज चुकूनही नाही. त्या गोळीचा त्रास कमी व्हावा म्हणून दुसरी. यकृत ठीक आहे ना ते बघायला वरचेवर रक्त तपासायचं. असर दिसायला दोनतीन महिने, तोवर थोडे आठवडे स्टेरॉइड.

बायकोने सगळं नीट ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "डॉक्टर, डेढ़ साल पहले आती तो?"

बाईंनी फिल्मकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्यांनी खोटं सांगितलं असतं तर मी त्यांचा जन्मभर ऋणी राहिलो असतो. "तो शायद ये दो उँगलियाँ और कलाई बच जाती," त्या म्हणाल्या. "दर्द हम कम कर देंगे. जो हड्डी गई, वह गई."

औषध लागू पडलं. रविवारी गोळी, सोमवारी दिवसभर मळमळ. सोमवारी ती लिंबाची फोड हुंगत पडून राहायची आणि मी पोळ्या लाटायचो, ज्या तिला बघवत नसत. पावसाळ्याच्या मध्यावर एका सकाळी तिने नळ हाताने उघडला. डाव्या हाताने. मी दारात उभा होतो. ती म्हणाली, "काय बघता? टिपून ठेवताय?"

उजव्या हाताची दोन बोटं बाहेरच्या बाजूला कलली आहेत आणि मनगट वळत नाही. स्कूटरची चावी तिने वहिनींना दिली. वहिनी नको म्हणत होत्या. ती म्हणाली, "घ्या हो. तुम्हाला ब्रेकची भीती मीच घालवली आहे."

त्याच आठवड्यात, एका दुपारी, स्वयंपाकघरात, मी तिची माफी मागितली. फ्रिजवरचा रिपोर्ट काढला, फाडला आणि म्हणालो की माझं चुकलं. ती डाव्या हाताने भेंडी चिरायचा प्रयत्न करत होती. तिने सुरी खाली ठेवली.

"दार लावून घेतलंत?"

"का?"

"नाही, कुणी ऐकलं तर." मग ती शांतपणे म्हणाली, "नक्कल हॉलमध्ये केलीत आणि माफी स्वयंपाकघरात? ते तुकडे गोळा करा. कचरा मला आता वाकून उचलता येत नाही."

मी तुकडे गोळा केले.

गणपती आले तसे मंडळाचे सेक्रेटरी घरी आले. चहा घेता घेता म्हणाले, "यंदा काही नवीन लिहू नका. मागच्या वर्षीचाच आयटम पुन्हा. लोकांची फर्माईश आहे. तो नळाचा." बायको चहाचा ट्रे घेऊन आत गेली, दोन्ही मनगटांवर पेलून. त्यांना ते दिसलं नाही. मी म्हणालो, "माझं नाव लिहा."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मी तिला चल म्हणालो नाही. ती आपणहून वहिनींबरोबर आली आणि त्याच दुसऱ्या रांगेत बसली.

माझं नाव पुकारताच हशा सुरू झाला. मी माइकजवळ गेलो आणि कुणीतरी मागून ओरडलं, "कोपर, कोपर." मी म्हणालो, "मागच्या वर्षी मी इथे एक नक्कल केली." टाळ्या. "त्याबद्दल मला माफी मागायची आहे." हॉल पुन्हा हसला. माझी ही नवी तऱ्हा आहे असं त्यांना वाटलं. मी थांबलो. मी थांबल्यावरही ते हसले, कारण अशाच थांबण्यावर मी आजवर त्यांना हसवत आलो होतो. लोकांना इतकी वर्षं काय शिकवलं ते त्या मिनिटात मला कळलं.

"नळ कोपराने उघडायची," मी म्हणालो, "कारण मनगट सुजलं होतं." पुढच्या रांगेतल्या दोघीतिघी अजून हसत होत्या. "पाय हवेत धरायची, कारण जमिनीवर ठेवला की कळ जायची. हा आजार आहे. याचं औषध आहे. ते वेळेवर सुरू झालं असतं तर तिचा उजवा हात वाचला असता. मला सगळं दिसत होतं. मी ते डॉक्टरांना सांगितलं नाही. तुम्हाला दाखवलं."

कुणीतरी अजून हसलं, एकटंच. वहिनी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "हसू नका हो. खरं बोलतोय तो माणूस."

मग हसणं थांबलं. मी दुसऱ्या रांगेकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. हात मांडीवर होते, उघडे, कललेल्या बोटांसकट.

मी म्हणालो, "तुझं दुखत होतं. तू पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस. मी तुला खोटं ठरवलं आणि तुझ्या दुखण्यावर या सगळ्यांना हसवलं. माझं चुकलं. माफ करायचं की नाही ते तू ठरव. मी उत्तर मागायला आलेलो नाही. माझं चुकलं, आणि ते ज्यांच्यासमोर सांगायला हवं होतं, त्यांच्यासमोर सांगतो आहे."